बगळ्याची आनंदवार्ता

आमच्या लागोसात परदेशी जाणारा माणूस कुणाला सांगून जात नाही. घरातून निघतो तेव्हा तो ब्रेड आणायला निघालेला असतो. पंधरा दिवसांनी बर्फात उभा असलेला त्याचा फोटो येतो आणि मग गल्लीला कळतं की ब्रेड जरा लांबच मिळाला. यात कुणाला फसवायचं नसतं. बातमी फुटली की कुणाची ना कुणाची नजर लागते, ऐन वेळी व्हिसा अडतो, पासपोर्ट सापडत नाही, नाहीतर जिन्यात पाय मुरगळतो, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तोंड शिवून ठेवायचं, आणि विमानाची चाकं उचलली की मगच श्वास सोडायचा.

मी हे ठेच खाऊन शिकले. सहा वर्षांपूर्वी मी आणि माझा नवरा बेंगा, आम्ही दोघांनी कॅनडासाठी अर्ज केला होता, तेव्हा सासूबाईंना सांगण्याची चूक केली. त्यांना आम्ही ईया म्हणतो. ईया मुशिनच्या बाजारात धुरी दिलेले मासे विकतात आणि सकाळी त्यांच्या कानावर पडलेलं दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला पाठ असतं. त्यांनी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना ठेवली, सव्वाशे माणसांना एकाच पिवळ्या रंगाचं कापड घ्यायला लावलं, जोलोफ भाताची पातेली चढवली. तीन आठवड्यांनी वकिलातीतून नकार आला. पुढे वर्षभर ती पिवळी माणसं माझ्यासमोरून फिरत होती आणि गल्लीतली पोरं मला 'मॅडम कॅनडा' म्हणत होती.

पुढच्या खेपेला बेंगाला एकट्याला व्हिसा मिळाला. तो स्वतःच्या आईबापांना "अबुजात नोकरी लागली" असं सांगून गेला आणि मला बजावून गेला, कागद पक्के होईपर्यंत अक्षर काढायचं नाही. तीन महिन्यांनी सहाराकडून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याची धूळ सुटली आणि सासरे आजारी पडले. शेवटचे आठ दिवस ते रोज विचारायचे, "अबुजाची बस आली का गं?" मी रोज म्हणायचे, "रस्त्यात गर्दी आहे, बाबा." ईयांना खरं कळलं ते मयतीच्या दिवशी, फोनच्या पडद्यावर जाड कोटात रडणारा मुलगा बघून. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. नंतरही त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत, आणि ज्यांनी ईयांना मासे विकताना ऐकलंय त्यांनाच कळेल की हे केवढं होतं.

आता तीन वर्षांनी माझा आणि आमच्या सहा वर्षांच्या लेकीचा, अबेनीचा व्हिसा आला होता. वीस तारखेच्या आत कॅनडात पाय ठेवला नाही तर तो रद्द. तिकीट गुरुवारचं, चौदा तारखेचं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. ईयांना नाही, ऑफिसात नाही, अबेनीलासुद्धा नाही, कारण पोरगी आजीच्या वळणावर गेलीये.

माझी नोकरी लेकेलेकेमध्ये. लेकेलेके म्हणजे बगळा. लहानपणी बगळे उडताना दिसले की आम्ही नखं पुढे करून त्यांच्याकडे पांढरे ठिपके मागायचो. त्यावरून आमच्या ओगांनी, म्हणजे मालकांनी, विमानाची तिकिटं विकणाऱ्या कंपनीला हे नाव दिलं. ओगा बाबाजिदे माझ्याहून सात वर्षांनी लहान. मी त्यांना ओगा म्हणते, ते मला आंटी म्हणतात, आणि त्यामुळे कोण कुणाचं ऐकतो हा प्रश्न नऊ वर्षं सुटलेला नाही. सुरुवातीला याबा भागात एका वेण्या घालायच्या दुकानावर एक खोली होती. दोन लॅपटॉप, एक जनरेटर आणि मी. खाली डोकं विंचरून झालं की बायका वर येऊन दुबईचं तिकीट काढून जायच्या. मग लोक फोनवरून तिकिटं काढू लागले. खोलीचे तीन मजले झाले, दोनशे माणसं झाली, आणि विमानतळाच्या रस्त्यावर आमच्या बगळ्याचा एवढा थोरला फलक लागला की पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे बघता बघता दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या.

भानगडीही कंपनीच्याच वेगानं वाढल्या. 'लंडन, सगळ्यात स्वस्त' अशी जाहिरात केली. तशी जागा अख्ख्या विमानात एकच होती आणि ती ओगांच्या मेहुण्यानं घेतली. एकदा एका लग्नाचं चाळीस जणांचं वऱ्हाड दुबईला न्यायचं होतं. एकोणचाळीस जण गेले. राहिला तो नवरदेव. नवरी तिकडे फोनवर रडतेय, नवरदेव इकडे आमच्या काउंटरवर चढून बसलाय आणि सगळा देश ते फोनवर बघतोय. मी त्याला दोन तास समजावलं, खाऊ घातलं आणि संध्याकाळच्या विमानात बसवलं. दुसऱ्या दिवशी आमची विक्री दुप्पट झाली. तेव्हापासून ओगा म्हणायचे, "आंटी, लोक शिव्या देतायत म्हणजे नाव तरी घेतायत." मी तक्रार विभागाची प्रमुख. शिव्या माझ्याच कानात पडायच्या, त्यामुळे हा विचार मला तितका पटत नसे. सॉरी म्हणण्याच्या पंधरा तऱ्हा मला येतात, आणि त्यातल्या चौदा मला ओगांमुळे शिकाव्या लागल्या.

मग आमच्याकडे कोलाडे आला. जन्म इथला, पण चार वर्षांचा असल्यापासून लंडनमध्ये वाढलेला. अख्ख्या लागोसात फक्त जाण्याचं तिकीट काढून उलट्या दिशेनं आलेला हा एकच माणूस मी पाहिलाय. कंपनी आणखी वाढवायला त्याला आणलं होतं. मुलगा गोड, पण घरात कुणी त्याला काही शिकवलेलं नव्हतं.

"आपल्याकडे लोक एवढे प्रवास करतात आणि कुणाला कळतच नाही!" बैठकीत तो म्हणाला. "लंडनमध्ये माझे मित्र तिकीट काढलं की आधी जगाला सांगतात. समजा, तिकीट पक्कं झालं की आपला बगळा त्या माणसाच्या फोनमधल्या सगळ्यांना आनंदवार्ता धाडेल. सगळ्यांना! फुकटात जाहिरात."

खोलीत आम्ही नऊ जण होतो. आमचा इंजिनियर एबुका नख कुरतडू लागला.

"लोकांना आवडणार नाही," मी म्हणाले.

"का, आंटी?"

आता 'का' म्हणजे काय सांगू? लोक लपवतात म्हणावं तर हा विचारणार, तुम्हाला कसं माहीत? आणि माझा चेहरा काही लपवत नाही. "नाही, म्हणजे असंच," मी म्हणाले.

"असंच हे काही कारण नाही, आंटी. ओगा, तुमचं काय?"

ओगांनी घसा साफ केला. "मला काही अडचण नाही. मला कशाला अडचण असेल?"

"मलाही नाही," एबुका जरा घाईनंच म्हणाला.

"आम्हाला कुणालाच नाही," हिशेब बघणाऱ्या बाई छताकडे बघत म्हणाल्या.

"पण हे नव्या तिकिटांनाच ना?" मी विचारलं. आवाज मला स्वतःलाच बारीक वाटला.

"अर्थात," एबुका म्हणाला. "फक्त नव्या."

सोमवारी सकाळी नऊ वाजता बगळा उडाला. नव्या तिकिटांना नव्हे, जुन्या सगळ्या तिकिटांना. पुढे कळलं की एबुकानं स्वतःचं एकट्याचं बर्लिनचं तिकीट वगळण्यासाठी गुपचूप एक अट घातली होती आणि घाईत ती उलटी बसली. वार्ता वाचून त्याचे वडील दहा वाजता एनुगूहून गाडी काढून निघाले. एबुका फोन बंद करून कुठे दडला ते कुणाला माहीत नव्हतं, आणि बगळा बंद कसा करायचा हे फक्त त्यालाच माहीत होतं.

सव्वानऊपर्यंत आमचे सगळे फोन गरम झाले. एक पास्टर एकवीस दिवसांच्या उपासासाठी प्रार्थनेच्या डोंगरावर गेले होते. त्यांच्या चारशे भाविकांना कळलं की डोंगर दुबईत आहे. एका गृहस्थांनी मलेरियाची रजा टाकली होती. त्यांच्या साहेबांनी उत्तर धाडलं, 'लवकर बरे व्हा, येताना चॉकलेट आणा.' एका बाईच्या दारात घरमालक नवा भाडेकरू घेऊन हजर झाला. आणि दुसऱ्या एकीचे दोन होणारे नवरे आमच्याच स्वागतकक्षात शेजारीशेजारी बसले, एकमेकांना पेपर दिला, आणि मग बोलता बोलता त्यांना कळलं. मी दोघांना पाणी दिलं आणि खुर्च्या लांब ठेवल्या.

माझा स्वतःचा फोन मी पालथा घालून ठेवला होता. सुलटा केला तर पडद्यावर निरोप. 'आनंद करा! तुमच्या जवळच्या मोरेनिके आणि अबेनी गुरुवारी लेकेलेकेसोबत विनिपेगला उडत आहेत. फक्त जाण्याचं तिकीट!' चारशे बारा जणांना तो गेला होता. ईयांचे सहा फोन येऊन गेले होते. मी फोन परत पालथा घातला. मला वाटलं, संपलं. सहा वर्षांपूर्वी सव्वाशे जणांना कळलं होतं तर एवढं झालं, आता तर चारशे बारा.

ओगांनी केबिनमध्ये बोलावलं. आत गेले तर खुर्ची रिकामी. टेबलामागून आवाज आला, "खाली बसा, आंटी. काचेतून दिसतो आपण. बाहेर गुंतवणूकदार आलेत."

मी जमिनीवर बसले. ओगांनी आपला फोन पुढे केला. 'आनंद करा! तुमचे जवळचे बाबाजिदे शनिवारी लेकेलेकेसोबत लिस्बनला उडत आहेत. फक्त जाण्याचं तिकीट!'

"गुंतवणूकदारांना गेला?"

"गुंतवणूकदारांना. आईला. बायकोला."

"मॅडमना माहीत नव्हतं?"

"तिलाच सगळ्यात आधी सांगणार होतो," ओगा म्हणाले. "तिथून."

मला हसू फुटलं. आवरेना. त्या दिवशीच्या बैठकीतल्या नऊ जणांत पाच जणांची तिकिटं काढलेली होती हे तोवर बाहेर आलं होतं. हिशेबवाल्या बाई डब्लिनला निघाल्या होत्या. एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी आम्ही सगळे वाचलो असतो. पण ओगा हसत नव्हते.

"आंटी, ग्राहक आयोगानं पुढच्या सोमवारी बोलावलंय. तुम्ही नसलात तर मला तिथं उभा सोलतील. एक महिना थांबा."

"वीस तारखेला माझा व्हिसा संपतो, ओगा."

"पुन्हा मिळेल." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तिकीट कर्मचारी सवलतीतलं आहे. कंपनीला बदलता येतं."

पुन्हा मिळेल म्हणे! तीन वर्षं माझी पोर बापाला फोनच्या काचेतून पापी देतेय. मला त्या क्षणी त्यांचा एवढा राग आला की आवाज उलट अगदी थंड निघाला.

"बदला की," मी म्हणाले. "पण एबुका सापडेपर्यंत बगळा चालूच आहे. तिकीट बदललं, विमान उतरलं, की त्याचीही वार्ता जाते. कुणी बदललं तेही जातं. माझ्या फोनमध्ये चारशे बारा माणसं आहेत, आणि त्यात ईया आहेत. तुम्ही ईयांना भेटलायत ना?"

ओगा त्यांना एकदाच भेटले होते. कंपनीच्या पाचव्या वाढदिवसाला ईयांनी मोठ्या हॉटेलातला मासा परत पाठवून आचाऱ्याला बाहेर बोलावलं होतं, आणि तो रडत आत गेला होता.

"नको," ओगा म्हणाले. मग म्हणाले, "सॉरी, आंटी."

"ही सातव्या नंबरची सॉरी झाली. आयोगापुढे चालायची नाही." मला त्यांची दयाच आली. वेण्यांच्या दुकानावरच्या खोलीत जनरेटर बंद पडला की हाच मुलगा पुठ्ठ्यानं मला वारा घालायचा. "बुधवारपर्यंत मी फोनवर बसते. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत तुम्ही माझ्यासमोर बसायचं. माफी कशी मागतात ते शिकवून जाते. आणि आधी घरी फोन लावा."

संध्याकाळी उजेड असतानाच घरी पोचले तर जिन्यावर रांग. प्रत्येकाच्या हातात पुडकं. कुणाचा भाऊ टोरोंटोत, कुणाची पोरगी कॅलगरीत. गारी म्हणजे कसावाचा रवा, सुक्या मिरच्या, सांधेदुखीवरची साल, एकीनं तर आख्खं उखळ आणलं होतं. "इयावो, बॅगेत एका कोपऱ्यात बसेल गं!" इयावो म्हणजे सून. एका घरात लग्न होऊन आलं की इथं अख्ख्या गल्लीची सून होते. मी हो-हो करत वर गेले. दारात ईया उभ्या होत्या.

मी गुडघे टेकले. "ईया, मी सांगणारच होते."

"कधी? बर्फातून?"

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्यापुढे एक पिशवी ठेवली. आत वळवून काडीनं टाचलेले मांगूर मासे होते, धुरानं काळे, दगडासारखे कडक, एकेक कागदात बांधलेला. सुपात घालायचं एगुसी, म्हणजे दळलेल्या कलिंगडी बिया. मिरचीची पूड, तीन पुड्यांत.

"हे सगळं आज केलंत?"

"एवढा कडक मासा एका दिवसात होतो होय? तू पंधरा वर्षं या घरात आहेस, काही शिकली नाहीस."

मी वर बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"काटांगुआच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात तू दोन जाड कोट घेतलेस. एक मोठा, एक लहान. विकणारी माझी मैत्रीण. लागोसात जाड कोट कुणाला लागतो? फ्रिजात राहणाऱ्याला?"

"अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तू मला सांगितलं होतंस का?" त्या खाली बसल्या. "तीन आठवडे मी बाजारात बसून नुसतं हवेवर बोलतेय. आज ऊन आहे, काल ऊन होतं. बायकांना वाटलं मला काहीतरी झालंय. दोघीजणी सूप घेऊन आल्या."

मी हसले, आणि हसताहसता रडायला लागले. ईया रडल्या नाहीत. पिशवीची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधत म्हणाल्या, "बेंगानं मला एक मासासुद्धा बांधून देऊ दिला नाही. म्हातारा रोज विचारायचा, बस आली का. तू म्हणायचीस गर्दी आहे. मला खरं वाटायचं गं. मी त्या सरकारला शिव्या द्यायची, रस्ते नीट करत नाही म्हणून."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांनी ठेवू दिलं.

गुरुवारी सकाळी मी जिना एकेक पायरी बघून उतरले. एवढ्या लोकांना कळल्यावर पाय तरी मुरगळणारच, अशी खात्री होती. फाटकाबाहेर तीन पिवळ्या डॅनफो बस उभ्या होत्या आणि बसच्या रंगाची माणसं त्यात भरत होती. सहा वर्षांपूर्वीचं कापड! ज्यांना ते आता होत नव्हतं त्यांनी डोक्याला बांधलं होतं. ज्या पोरांनी मला 'मॅडम कॅनडा' म्हटलं होतं तीच, आता मिशा फुटलेली, माझ्या बॅगा उचलत होती. "चला, मॅडम कॅनडा!" त्यातला एक ओरडला, आणि मला पहिल्यांदाच ते नाव बरं वाटलं. मोठ्या बगळ्याच्या फलकाखाली गाड्या तुंबल्या, तेव्हा अबेनीनं खिडकीतून दोन्ही हातांची नखं त्याच्यासमोर धरली.

विमानतळाच्या दारापुढं, जिथून पुढं तिकिटाशिवाय सोडत नाहीत, तिथं मी पुन्हा गुडघे टेकले. अबेनीही टेकली. ईयांनी दोन्ही हात आमच्या डोक्यांवर ठेवले आणि आशीर्वाद सुरू केला. रस्ता नीट होवो, पाणी गोड लागो, परके आपले होवोत. त्या थांबेचनात. मागं रांग लागली, पहारेकरी "आई, आई" करू लागला, तरी ईया चालूच. शेवटी मला कळलं की यातले निम्मे आशीर्वाद माझे नाहीत, तीन वर्षांपूर्वी न सांगता निघून गेलेल्या बेंगाचे आहेत. ते सगळे मी डोक्यावर घेतले.

"पोचलीस की आधी मला सांग," त्या म्हणाल्या. "त्या बगळ्याच्या आधी."

चाकं उचलली तेव्हा मी श्वास सोडला. अदिस अबाबाला विमान बदललं, टोरोंटोला बदललं. विनिपेगला उतरलो तेव्हा बेंगा काचेपलीकडे उभा होता, आणि अबेनी त्याला बघून थबकली, कारण तो फोनमध्ये दिसायचा त्याहून मोठा निघाला. मग ती धावली. मी धावले नाही. मी आधी फोन लावला.

"ईया, आम्ही..."

"उशीर केलास," पलीकडून मुशिनच्या बाजाराच्या कोलाहलातून आवाज आला. "बगळा अर्ध्या तासापूर्वीच सांगून गेला. बंद झालाय म्हणत होता ना तुझा ओगा?"

"म्हणजे तुम्हाला कळलंच."

"मला कळलं, बाजाराला कळलं." मग कुणाला तरी गप्प बस म्हणाल्या आणि फोन कानाशी जवळ घेतला. "तरी तू सांग. सगळं सांग. आणि बेंगा शेजारी असेल तर त्याला दे, त्यालाही सांगू दे."